दर हंगामात तीच कीड परत येते? औषध बदलण्याआधी पान तपासा

फवारणी झाली, आठ-दहा दिवस शेत शांत राहिलं, आणि पुन्हा पानांखाली तेच तुडतुडे. औषध बदललं, पुन्हा तेच. या तक्रारीचा माग मी इतक्या शेतांत काढला आहे की आता कोणी "कोणतं औषध मारू?" असं विचारलं, की मी आधी एक पान तोडून आणायला सांगते. बऱ्याचदा दोष औषधात नसतोच. त्या किडीला अडवेल असं पिकाच्या अंगावर काही नसतं, किंवा जे असतं ते दुसऱ्याच किडीला अडवणारं असतं.

अंगावरचं म्हणजे अक्षरशः अंगावरचं: पानाची लव, चिकट ग्रंथी, मेणाचा थर, पेशींतली सिलिका (काचेसारखा कठीण पदार्थ), भरीव खोड, कणसाभोवतीची घट्ट साल. यांतलं काहीच विकत घेऊन फवारता येत नाही. ते वाणातून येतं आणि आपण पीक कसं वाढवतो त्यावर टिकतं किंवा ढळतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आणि दहा मिनिटांच्या कामापासून सुरू होतात आणि पूर्ण हंगाम लागणाऱ्या कामावर संपतात. क्रम मोडू नका. पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बहुतेकांना उत्तर मिळतं.

ही लक्षणं दिसत असतील तर पुढे वाचा

- फवारणीनंतर कीड कमी होते, पण दोन आठवड्यांच्या आत तेवढीच किंवा जास्त होते.
- बांधापलीकडे तेच पीक आहे, वाण वेगळा आहे, आणि तिथे तीच कीड नावाला आहे.
- बियाण्याच्या पिशवीवर "कीड प्रतिकारक" लिहिलेलं आहे, तरी नुकसान होतंच.
- एक कीड आटोक्यात आली की दुसरी डोकं वर काढते. तुडतुडे गेले, पांढरी माशी आली.
- एकाच शेतात काही झाडं स्वच्छ आणि शेजारची झाडं कोमेजलेली, अशी सरमिसळ दिसते.
- पीक गर्द हिरवं, लुसलुशीत, बघायला सुंदर, आणि कीडही त्यावरच सगळ्यात जास्त.

शेवटचं लक्षण बघून लोक बुचकळ्यात पडतात. त्याबद्दल पाचव्या तपासणीत.

१. कीड नेमकी खाते कशी, ते आधी ठरवा

खर्च नाही, वेळ दहा मिनिटं. सकाळी ऊन तापायच्या आत जा, कारण तेव्हा किडे सुस्त असतात. शेताच्या कडेची झाडं सोडून आतली दहा झाडं निवडा आणि पानं उलटी करून पाहा.

तुडतुडे फिकट हिरवे, पाचरीसारखे असतात आणि हात लागताच तिरके पळतात. ही तिरकी चाल एकदा पाहिली की विसरत नाही. त्यांनी रस शोषल्यावर पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मुरगळतात, मग तांबूस होतात. पांढरी माशी झाड हलवलं की भुरकन उडते आणि पुन्हा पानांखाली बसते; खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी दिसते. फुलकिडे पान खरवडतात, त्याचे चंदेरी पट्टे राहतात. मावा एका जागी थव्याने असतो आणि मुंग्या त्याच्या मागावर असतात. अळ्या पान कुरतडतात किंवा आत शिरतात, आणि त्यांची विष्ठा भोकाजवळ सापडते.

इतकं बारकाईने का पाहायचं? कारण पिकाचं एकच कवच सगळ्या किडींवर चालत नाही. रस शोषणाऱ्या किडीला सोंड पानात खुपसायची असते, तुडतुड्याच्या मादीला अंडं शिरेत घालायचं असतं, अळीला जबड्याने चावायचं असतं, खोडकिड्याला पोकळ जागेत सरकायचं असतं. प्रत्येकाची अडचण वेगळी, म्हणून अडसरही वेगळा. "माझं वाण प्रतिकारक आहे" हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या किडीला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

इथेच एक घोटाळा टाळा. कपाशीचं पान लाल पडलं म्हणजे तुडतुडेच असं नाही. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं तरी पान लाल होतं. पानाखाली एकही तुडतुडा नसेल तर तुडतुड्यांसाठी फवारणीची गरजच नाही.

२. बोट, उजेड आणि भिंग

ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

झाडाच्या शेंड्याकडून तिसरं किंवा चौथं पान घ्या. दर वेळी त्याच जागेचं घ्या, कारण कोवळ्या पानावर लव दाट भासते: पान अजून पसरलेलं नसतं, तेवढेच केस थोड्या जागेत असतात. एका झाडाचं शेंड्याचं आणि दुसऱ्याचं बुडाचं पान घेऊन तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच.

आता पान खालची बाजू बाहेर ठेवून तर्जनीवर दुमडा आणि ती दुमड डोळ्यांसमोर उजेडाकडे धरा. कडेवर लव असेल तर ती पहाटेच्या दहिवरासारखी चमकते. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर केसांची लांबी, दाटी आणि झुकाव तिन्ही दिसतात. भिंग नसेल तर मधली शीर ओठांवरून फिरवा. ओठांना बोटांपेक्षा जास्त कळतं. मात्र नुकत्याच फवारलेल्या पानाला ओठच काय, उघडं बोटही लावू नका.

कपाशी आणि भेंडीत तुडतुड्यांचा त्रास असेल तर खालच्या बाजूच्या शिरांवरची लव पाहायची. मादी अंडं शिरेच्या आत घालते. लव लांब आणि दाट असेल तर तिचा अंडं घालायचा अवयव शिरेपर्यंत पोहोचत नाही आणि पिल्लांनाही सोंड टेकवायला जागा मिळत नाही. यात लांबी आणि दाटी दोन्ही लागतात. दाट पण आखूड लव मखमलीसारखी लागते, हाताला छान वाटते, पण तुडतुड्याला फारशी अडवत नाही. दक्षिण आफ्रिकेत कपाशीची लागवड तुडतुड्यांमुळेच धोक्यात आली होती, तेव्हा लवदार वाण निवडून ती सावरली गेली. पार्नेल, किंग आणि रस्टन या संशोधकांनी लव आणि तुडतुडे यांचा हा संबंध १९४९ साली तपशिलाने मांडला. सोयाबीनमध्येही हेच दिसतं: गुळगुळीत ओळी तुडतुड्यांनी खुरटतात आणि शेजारच्या लवदार ओळी उभ्या राहतात.

घेवड्याचं पान भिंगाखाली पाहा, तिथे वेगळाच प्रकार दिसेल. त्याचे काही केस सरळ नसतात, टोकाला आकड्यासारखे वळलेले असतात. एकदा मी पान उलटं केलं तेव्हा तुडतुड्याचं एक पिल्लू मागच्या पायाच्या सांध्यात अशा आकड्यात अडकलेलं होतं. ते पुढे जोर लावी आणि आकडा आणखी खोल रुते. बाल्कन भागात पूर्वी लोक रात्री खाटेभोवती घेवड्याची पानं पसरत, ती याच गुणामुळे. ढेकूण त्यावर अडकत आणि सकाळी पानं जाळून टाकत.

टोमॅटोच्या केसांच्या टोकाला ग्रंथी असतात. टोमॅटो बांधून झाल्यावर बोटं हिरवट-पिवळी, मग काळपट होतात, तो या ग्रंथींचा स्राव. लहान किडे त्यात चिकटतात. लागवडीतल्या टोमॅटोपेक्षा काही रानटी जातींमध्ये हा गुण कितीतरी जास्त असतो, म्हणून पैदासकार त्यांच्याकडे वळतात.

आता महत्त्वाची अडचण, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. लव सगळ्याच किडींना नको असते असं नाही. पांढऱ्या माशीला लवदार पान आवडतं. बोंडअळीचा पतंगही गुळगुळीत पानापेक्षा लवदार पानावर जास्त अंडी घालतो. एका शेतकऱ्याने तुडतुड्यांना कंटाळून सगळ्या कपाशीसाठी खूप लवदार वाण घेतला. तुडतुडे खरंच गेले. दुसऱ्या वर्षी ते मला पांढऱ्या माशीने काळं पडलेलं शेत दाखवायला घेऊन गेले आणि म्हणाले, "ताई, बियाणं बोगस निघालं." बियाणं चोख होतं. लवही चोख होती. त्यांच्या भागात त्या वर्षी मुख्य शत्रू दुसरा होता. मध्यम लवेचा वाण घेऊन आणि पिवळे चिकट सापळे लावून पुढचा हंगाम सावरला.

तुरीतही असाच पेच आहे. शेंगेवरच्या ग्रंथीवाल्या लांब केसांच्या स्रावाने घाटेअळीचा पतंग अंडी घालायला उलट प्रवृत्त होतो. तुरीच्या एका रानटी भावंडाच्या शेंगेवर आखूड, ग्रंथी नसलेल्या केसांचं इतकं दाट आच्छादन असतं की नुकती जन्मलेली अळी शेंगेच्या सालीपर्यंत पोहोचतच नाही. केस दोन्हींवर आहेत, परिणाम मात्र उलटे. म्हणून "लव आहे" एवढंच वहीत लिहू नका. लांब की आखूड, ग्रंथी आहे की नाही, पानावर आहे की शेंगेवर, हे सगळं लिहा.

३. पाण्याचा थेंब

कोबी, फुलकोबी, ज्वारी, मका, कांदा यांत लवेपेक्षा मेण पाहायचं. पानावर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल होऊन घरंगळले तर मेणाची भुकटी भरपूर आहे. पाणी चिकटून राहिलं आणि पान चकचकीत हिरवं दिसलं तर भुकटी कमी आहे.

चकचकीत कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची नवजात अळी एका जागी खायला बसत नाही, भटकत राहते, आणि भटकताना मरते किंवा भक्षक कीटकांच्या तावडीत सापडते. शिवाय मेणाच्या भुकटीवर भक्षकांचे पाय घसरतात, चकचकीत पानावर ते नीट फिरतात. पण अशाच चकचकीत कोबीवर उड्या मारणारे छोटे भुंगेरे जास्त येतात. म्हणजे पुन्हा पहिल्या तपासणीकडे: तुमची कीड कोणती?

साबणाचं पाणी फवारण्याची सवय असेल तर ती इथे तपासा. तीव्र साबण पानावरचं मेण उतरवतो. कोबीवर साबण फवारल्यानंतर निळसर झाक जाऊन पान डागाळलं असेल तर तुम्हीच त्याचं आवरण काढलं आहे.

कांद्यात मेणाबरोबर झाडाची ठेवण पाहा. मधली पानं एकमेकांना चिकटून उभी असतील तर त्या मानेच्या खोबणीत फुलकिडे दडतात आणि फवारा तिथे पोहोचत नाही. पानं पसरट कोनात उघडलेली, गोलसर असतील तर दडायला जागा कमी. दोन बोटांनी मान उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं.

४. पिकाचं वय

अंगचा बचाव सगळ्या वयात सारखा नसतो. कपाशीच्या बीजदलांवर लव नसते आणि पहिल्या काही पानांवर ती कमी असते. त्या दिवसांत लवदार वाणही उघडाच असतो. रोपावस्थेतल्या तुडतुड्यांवरून वाणाला दोष देऊ नका.

ज्वारीची खोडमाशी याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. ती उगवणीनंतरच्या साधारण पहिल्या चार आठवड्यांतच घात करते. पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरं, लांबट अंडं असतं. त्यातून निघालेली अळी पहाटेच्या ओलीवरून सरकत पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) उतरते, वाढीचा कोंब कापते आणि पोंगा सुकतो; ओढला तर अलगद हातात येतो. ज्या वाणांची रोपं चकचकीत असतात, पानाखाली बारीक लव असते आणि पोंग्यावर ओल कमी असते, तिथे अळीचा हा प्रवास अवघड होतो. हे गुण रोपावस्थेतच पाहायचे असतात. गुडघाभर उंच ज्वारीत ते शोधून उपयोग नाही, तोवर माशीचा काळ संपलेला असतो. म्हणून पेरणीची तारीख आणि पोंगे सुकल्याची तारीख वहीत शेजारी शेजारी लिहा. उशिरा पेरलेल्या पट्ट्यातच मर जास्त असेल तर आधी पेरणी बदला, वाण नंतर.

मक्यात कणीस भरताना टोकाकडे हात लावा. साल टोकाच्या पुढे लांब गेलेली आणि घट्ट आवळलेली असेल तर अळीला दाण्यापर्यंत लांबचा रस्ता कापावा लागतो, आणि त्या अरुंद वाटेत अळ्या एकमेकींनाही खातात. टोक उघडं असेल तर अळीही येते आणि मागाहून सोंडेही (दाणे पोखरणारे किडे).

५. नत्र, दाटी आणि ऊन

इथपर्यंत सगळं ठीक असेल, म्हणजे वाणात योग्य गुण आहे, वय योग्य आहे, आणि तरी कीड वाढते, तर तो गुण प्रत्यक्षात उतरला आहे का ते पाहा. गर्द हिरव्या, लुसलुशीत पिकाचं कोडं इथे सुटतं.

जास्त नत्राने पेशी झपाट्याने वाढतात, भिंती पातळ राहतात, रसात किडीला हवं ते पोषण वाढतं. पान मऊ, सोंड सहज शिरते, अळीला चावायला सोपं. भातात तुडतुडे आणि खोडकिडा यांचा जोर बहुतेक वेळा सगळ्यात हिरव्या वाफ्यातून सुरू होतो. युरियाची गोणी जिथे सांडली होती तो गोल तुकडा मी लांबून ओळखू शकते: रंगाने आणि किडीने.

भात जमिनीतून सिलिकॉन भरपूर उचलतो. कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत तो पानाखोडात साठतो. पेशींत सिलिकाचे कण बसतात आणि पान काचेसारखं खरखरीत होतं. फिलिपिन्समध्ये झालेल्या, १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त सिलिका असलेल्या भातावर वाढलेल्या खोडकिड्याच्या अळ्यांचे जबडे झिजलेले आढळले. नत्र वाढवत गेलात तर भराभर वाढलेल्या पानात हा कणखरपणा पातळ होतो. भाताचं काड आणि तूस शेतातच कुजवून परत दिलं तर काही सिलिका जमिनीत परत जाते. हा मंद उपाय आहे, पण खर्च जवळपास नाही. दर हंगामात सगळं काड उचलून नेत असाल किंवा जाळत असाल तर याचा विचार जरूर करा.

उन्हाचं महत्त्व गव्हाच्या उदाहरणावरून नीट कळतं. गव्हाच्या खोडात शिरणारी करवतमाशीची अळी पोकळ खोडातून खाली सरकते आणि शेवटी खोड बुडाशी कापते. कॅनडात १९४६ साली भरीव खोडाचा 'रेस्क्यू' हा वाण आला. त्याचा भरीवपणा पोर्तुगालमधून आलेल्या एस-६१५ या वाणातून घेतला होता. आत गर असल्यामुळे अळीला सरकता येत नाही. पण खोड लांबायच्या काळात आभाळ भरलेलं राहिलं, ऊन कमी मिळालं, की तेच वाण आतून पोकळ निघतं. बियाणं तेच, शेत तेच, तरी त्या वर्षी बचाव नाही. तुमच्याकडे भरीव खोडाचा गहू असेल तर पाच-दहा खोडं उभी चिरून पाहा. खात्री करायला दुसरा मार्ग नाही.

दाट पेरणीतही तेच होतं. आतल्या झाडांना ऊन मिळत नाही, पानं पातळ आणि मोठी होतात, ओल टिकते, फवारा आत जात नाही. कपाशीत भेंडीसारख्या खोल कातरलेल्या पानांचे वाण यासाठीच उपयोगी पडतात: ऊन-वारा आत जातो आणि बोंडंही कमी सडतात.

करायचं काय? नत्राचा पुढचा हप्ता थांबवा किंवा विभागून द्या, जमीन तपासणीप्रमाणे पालाश द्या, विरळणी करा, आणि दहा-बारा दिवसांनी पहिल्या दोन तपासण्या पुन्हा करा. जुनी पानं बदलत नाहीत. नवीन पानांवर फरक शोधा.

६. फवारणीची वही

कोणतं औषध, कोणत्या गटातलं, कधी, किती वेळा. वही नसेल तर रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं बघून आठवा. सरसकट मारणारी औषधं, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड, वारंवार वापरली तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी, लाल कोळी (रस शोषणारे बारीक माइट) यांचा उद्रेक होतो. भातात तपकिरी तुडतुड्यांचे उद्रेक याच वाटेने आले आहेत.

पिकाचा अंगचा बचाव सहसा कीड संपवत नाही, तिची वाढ मंदावतो. अंडी कमी पडतात, पिल्लं उशिरा वाढतात, अळी जास्त वेळ उघड्यावर राहते. या मंद वाढीचा फायदा भक्षक कोळी (स्पायडर), ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) उठवतात. ते नसतील तर प्रतिकारक वाण एकटा लढत राहतो आणि तुम्हाला वाटतं वाण फसवा आहे. मात्र फार दाट किंवा चिकट लवेवर मित्रकीटकांनाही त्रास होतो. टोमॅटोवर ट्रायकोग्रामासारखे इवलेसे परजीवी नीट चालू शकत नाहीत, त्यामुळे तिथे ट्रायकोकार्डाकडून (हे परजीवी शेतात सोडायचं कार्ड) कपाशीइतकी अपेक्षा ठेवू नका.

७. बियाणं खरंच तेच आहे का

आता जरा मेहनत. शेतात तिरपं चालत जा आणि वीस झाडांची लव, पानाचा आकार, खोडाचा रंग टिपा. वीसही झाडं सारखी दिसली तर बियाण्यात मोठी सरमिसळ बहुधा नाही. काही लवदार, काही गुळगुळीत, काही मधलीच असतील तर दोन शक्यता: बियाण्यात भेसळ आहे, किंवा संकरित वाणाचं घरचं बी पेरलं आहे. संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत गुण फुटतात, लवेचाही फुटतो. "काही झाडं स्वच्छ, शेजारची कोमेजलेली" या लक्षणाचं उत्तर बहुधा इथे मिळतं. सुधारित सरळ वाणाचं बी घरी ठेवायला हरकत नाही, पण स्वच्छ आणि एकसारख्या झाडांचंच ठेवा. संकरिताचं ठेवू नका.

साठवणीत कीड लागत असेल तर बियाणं आणखी जवळून पाहा. भाताच्या तुसात फट असली की धान्यातल्या पतंगाची अळी तिथूनच आत जाते. चवळीच्या गुळगुळीत दाण्यावर भुंगेरा खरबरीत दाण्यापेक्षा जास्त अंडी घालतो.

८. चार-चार ओळींची चाचणी

हे सगळं करूनही उत्तर मिळालं नाही, तर वाण बदलायचा निर्णय चाचणीशिवाय घेऊ नका. पूर्ण शेतात एकदम नवीन वाण लावणं मला कधीच पटत नाही. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचं नुकसान त्यामुळेच झालं.

शेताच्या मध्ये, कडेला नव्हे, तीन वाणांच्या चार-चार ओळी लावा: तुमचा नेहमीचा, एक स्पष्ट लवदार, एक गुळगुळीत. जमल्यास हाच संच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लावा, म्हणजे जमिनीचा फरक वाणाच्या नावावर जाणार नाही. खत, पाणी, तारीख सारखी ठेवा. या ओळींवर फवारणी करू नका, निदान कीड नुकसानीच्या पातळीला जाईपर्यंत. दर आठवड्याला प्रत्येक वाणाच्या दहा झाडांवर वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं मोजा. एक नाही, सगळ्या मुख्य किडी मोजा, नाहीतर तुडतुडे कमी झाल्याच्या आनंदात पांढरी माशी नजरेतून सुटेल. शेवटी उत्पादनही तोला. काही वाणांवर कीड दिसते तेवढीच, पण झाड ती सोसतं आणि पीक देतं; नुसत्या मोजणीने असा वाण हातचा जाईल.

एक हंगाम लागतो. पण हाती येतं ते तुमच्या जमिनीवरचं, तुमच्या किडीचं उत्तर.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पानं वाटीसारखी वळली, शिरा जाड झाल्या, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी उमटली, तर तो विषाणू असू शकतो. पांढरी माशी, मावा, फुलकिडे रोग वाहून आणतात आणि त्यासाठी थोडी कीडही पुरते. तिथे लव मोजत बसू नका, त्याच दिवशी पीकतज्ज्ञाला दाखवा.

वेगवेगळ्या गटांतली दोन औषधं योग्य मात्रेत, योग्य वेळी फवारूनही कीड हलली नसेल तर तिसरं मारू नका. किडीत औषधाला प्रतिकार आला असेल, किंवा ओळख चुकली असेल. दोन्ही गोष्टी कीटकशास्त्रज्ञाला नमुना पाहून ठरवाव्या लागतात. जिवंत कीड आणि लागण झालेली फांदी छिद्रं पाडलेल्या डब्यात न्या, सोबत फवारणीची वही.

कधीच न पाहिलेली कीड दिसली आणि ती झपाट्याने पसरत असेल तर चाचण्यांत दिवस घालवू नका, लगेच कळवा. झाड वरून कोमेजतं पण पानाखाली काही सापडत नसेल तर मूळ उकरून पाहा. गाठी, सड किंवा पोखरलेलं बूड दिसलं तर हा विषय इथला नाही, मुळांचा आहे आणि त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते. बियाण्यात भेसळीचा संशय असेल तर पिशवी, लेबल, पावती आणि उरलेलं बी फेकू नका; झाडांचे फोटो काढा आणि पीक उभं असतानाच बियाणे तपासणी यंत्रणेकडे जा. काढणीनंतर हाती काही राहत नाही.

आणि फवारणी करताना किंवा नंतर डोकं गरगरलं, मळमळलं, घाम सुटला, डोळ्यांपुढे धूसर झालं, लाळ गळायला लागली, तर काम तिथेच टाका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि औषधाची बाटली लेबलसकट बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. एकटे जाऊ नका, गाडी स्वतः चालवू नका.